स्वस्त मोहीम, महाग रॉकेट

१२ जानेवारी २०२६ च्या सकाळी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६२ उडालं. पहिला टप्पा नीट पार पडला, दुसराही. तिसऱ्या टप्प्याच्या शेवटी रॉकेट भरकटलं आणि ‘अन्वेषा’ हा पृथ्वीचं निरीक्षण करणारा उपग्रह कक्षेत पोहोचलाच नाही. आठच महिन्यांपूर्वी, १८ मे २०२५ ला, पीएसएलव्ही-सी६१ सुद्धा तिसऱ्या टप्प्यातच फसलं होतं. ज्या रॉकेटच्या पहिल्या ६२ उड्डाणांमधली अपयशं एका हाताच्या बोटांवर मोजता येतात, ते लागोपाठ दोनदा पडलं, तेही एकाच जागी.

त्या दिवसापासून अनेकजण विचारतायत, की इस्रोचं नेमकं बिघडलं काय? या प्रश्नाला अगदी ताजं, तांत्रिक उत्तर असेलही. पण मला त्यामागचा जुना प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. आपण इस्रोला कशासाठी शाबासकी देत आलो आहोत? चांद्रयान-३ ६१५ कोटींत झालं, मंगळयान ४५० कोटींत झालं. हे आकडे आपल्याला तोंडपाठ आहेत, आणि त्यांचा अभिमान रास्तही आहे. मात्र त्यातून एक गैरसमज घट्ट बसलाय, की आपली रॉकेटं स्वस्त आहेत. स्वस्त मोहीम आणि स्वस्त रॉकेट या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली आपल्याला जमली. दुसरी अजून जमलेली नाही, आणि पुढची पंधरा वर्षं तिच्यावर अवलंबून आहेत.

मुळात रॉकेट एवढं अवाढव्य का लागतं?

उपग्रह वर टिकतो तो उंचीमुळे नव्हे, वेगामुळे. पृथ्वीजवळच्या कक्षेत राहायचं तर ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेग हवा. पुरेसा आडवा वेग मिळाला नाही तर तो कितीही उंच नेऊन सोडला तरी खालीच येणार.

हा वेग मिळवणं किती अवघड आहे, ते बैलगाडीच्या हिशेबाने पटकन कळतं. समजा, दूरच्या गावाला चार पोती धान्य पोचवायचंय आणि वाटेत चारा कुठेच मिळणार नाही. बैलांचा कडबाही गाडीतूनच न्यायचा. पल्ला लांबचा म्हणून कडबा जास्त, जास्त कडब्यासाठी आणखी एक गाडी, त्या गाडीला आणखी एक बैलजोडी, आणि त्या जोडीसाठी पुन्हा कडबा. शेवटी रस्त्याला गाड्यांची रांग लागते, आणि धान्य मात्र तेवढंच, चार पोती.

रॉकेटचंही असंच असतं. आपलं सगळ्यात मोठं रॉकेट एलव्हीएम३ उडताना ६४० टनांचं असतं. पृथ्वीजवळच्या कक्षेत ते नेतं साधारण आठ टन. म्हणजे शंभर किलोमागे सव्वा किलो माल. उरलेलं बहुतेक वजन इंधनाचं. म्हणूनच रॉकेट टप्प्यांमध्ये बांधतात. ज्या गाडीतला कडबा संपला, ती वाटेतच सोडून द्यायची, रिकामं ओझं पुढे ओढायचं नाही. आपण या गाड्या आजवर कायमच्या सोडत आलो आहोत. एका उड्डाणात सगळं रॉकेट संपतं, पुढच्या वेळी नवं बांधायचं.

भुईनळा, स्टोव्ह आणि गोठवलेला वायू

रॉकेटची किंमत आणि ताकद या दोन्ही गोष्टी ठरतात इंधनावरून, म्हणून इथे थोडं रेंगाळू या.

घन इंधन म्हणजे दिवाळीतला भुईनळा. बांधायला तुलनेने सोपा, जोर प्रचंड, पण एकदा पेटवला की विझवता येत नाही आणि कमी-जास्तही करता येत नाही. यात भारताचा हात जगात पहिल्या काही देशांत बसतो. त्यामागे वसंतराव गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं मोठं काम आहे. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे ते १९७९ ते १९८५ या काळात संचालक होते. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा आणि एलव्हीएम३ च्या दोन्ही कुशींना लावलेले, प्रत्येकी दोनशे टनांहून अधिक इंधनाचे बूस्टर याच जातीचे आहेत. पीएसएलव्हीचा दोनदा दगा देणारा तिसरा टप्पाही घन इंधनाचाच.

द्रव इंधन म्हणजे स्टोव्ह. नळ फिरवला की ज्योत वाढते, कमी होते, बंद होते. आपलं ‘विकास’ इंजिन हे असं. ते फ्रान्सच्या ‘वायकिंग’ इंजिनच्या तंत्रज्ञानावर उभं राहिलं. सत्तरच्या दशकात आपले अभियंते फ्रान्समध्ये त्या प्रकल्पावर राबले आणि मोबदल्यात तंत्रज्ञान मिळालं. इंजिन भरवशाचं आहे, पण त्याची रसायनं विषारी आहेत आणि इंधनाच्या वजनाच्या मानाने मिळणारा जोर मध्यमच.

तिसरा प्रकार क्रायोजेनिक, म्हणजे वायू इतका थंड करायचा की त्याचा द्रव होतो. प्राणवायू उणे १८३ अंशांवर, हायड्रोजन उणे २५३ अंशांवर. याची कार्यक्षमता सगळ्यात चांगली, आणि हाताळणं सगळ्यात कठीण. १९९१ मध्ये सोव्हिएत रशियाकडून हे तंत्रज्ञान घेण्याचा आपण करार केला. अमेरिकेने निर्बंध लादले, १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्यातून माघार घेतली आणि आपल्या हाती फक्त तयार टप्पे आले. स्वतःच्या क्रायोजेनिक टप्प्यावर जीएसएलव्ही हे रॉकेट यशस्वी उडायला ५ जानेवारी २०१४ उजाडली. मधली वीस वर्षं त्यात गेली.

चौथ्या प्रकारावर आपली गाडी अडलेली आहे. शुद्ध केलेलं केरोसीन आणि द्रव प्राणवायू यांच्या जोडीला सेमी-क्रायोजेनिक म्हणतात. केरोसीनला थंड करावं लागत नाही, ते विषारी नाही, थोड्या जागेत भरपूर मावतं. जगातली कित्येक दणकट रॉकेटं यावर चालतात; अमेरिकेचं फाल्कन-९ सुद्धा. आपल्या २०० टन जोराच्या सेमी-क्रायो इंजिनला सरकारी मंजुरी मिळाली २००८ मध्ये. त्याचा ज्वलनकक्ष सोडून बाकीच्या मुख्य भागांची यशस्वी ज्वलनचाचणी तमिळनाडूत महेंद्रगिरीला झाली २८ मार्च २०२५ ला. सोळा वर्षांहून जास्त काळ. इंजिन अवघड आहे, हे मान्य. पण एवढ्या काळात ना पुरेसा पैसा एकाच वेळी मिळाला, ना चाचणीची सगळी साधनं वेळेवर उभी राहिली. गाजावाजा मोहिमांचा होतो, इंजिनाचा होत नाही. इंजिन मागे पडलं म्हणून दूरचित्रवाणीवर चर्चा रंगत नाही. या मागे पडलेल्या इंजिनाची किंमत आपण आज मोजतोय.

६१५ कोटींचं खरं गणित

चांद्रयान-३ १४ जुलै २०२३ ला निघालं आणि चंद्राभोवतीच्या कक्षेत शिरलं ५ ऑगस्टला. बावीस दिवस. १९६९ मध्ये अपोलो-११ ला यासाठी तीन दिवस लागले होते. आपण संथ होतो असा याचा अर्थ नाही. आपल्या रॉकेटात यानाला थेट चंद्राकडे फेकण्याएवढी ताकद नव्हती, म्हणून यानाने पृथ्वीभोवती मोठ्या-मोठ्या होत जाणाऱ्या प्रदक्षिणा घालत, थोडं-थोडं इंधन जाळत वेग कमावला. मंगळयानाचंही तेच. हे फार हुशारीचं काम होतं आणि त्याच्यामागच्या गणितज्ञांना सलाम. पण ही हुशारी तोकड्या अंथरुणात पाय पुरवण्याची होती. मोहीम स्वस्त झाली ती यान लहान ठेवल्यामुळे, पगार कमी असल्यामुळे, चाचणीसाठी मोजकीच प्रतिरूपं बांधल्यामुळे आणि वेळ मोजायची तयारी असल्यामुळे. रॉकेट स्वस्त होतं म्हणून नव्हे.

रॉकेटचा भाव किलोवर काढायचा असतो. ब्रिटनच्या वनवेब कंपनीचे ७२ उपग्रह आपण ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये दोन एलव्हीएम३ वरून सोडले. करार होता १,००० कोटींहून थोडा अधिक रकमेचा. प्रत्येक फेरीत साधारण ५.८ टन वजन होतं. भागाकार केला तर किलोला साडेआठ लाख रुपयांच्या आसपास पडतात. अमेरिकेच्या फाल्कन-९ चा जाहीर दर सात कोटी डॉलरच्या जवळपास आहे, आणि खालचा टप्पा परत आणूनही ते पृथ्वीजवळच्या कक्षेत सतरा टनांच्या पुढे नेतं. पूर्ण भरलं तर किलोला साडेतीन लाख रुपयांच्या आसपास. ही तुलना काटेकोर नाही. वनवेबची कक्षा अधिक अवघड होती आणि जाहीर दर हा नेहमीच खरा दर नसतो. तरीही दुपटीहून मोठा फरक अशा सबबींनी भरून निघत नाही.

आणि भाव बाजूला ठेवला तरी ताकदीचा प्रश्न उरतोच. दूरसंचार उपग्रह ३६,००० किलोमीटरवरच्या कक्षेत जातात. तिकडे नेणाऱ्या वाटेवर एलव्हीएम३ चार टनांच्या थोडंसं पुढे नेऊ शकतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याने ४,४१० किलोचा सीएमएस-०३ पोचवला, तो त्याचा विक्रम. त्याच्या आदल्या वर्षी ४,७०० किलोचा आपलाच जीसॅट-एन२ अमेरिकेहून फाल्कन-९ वर पाठवावा लागला. २०१८ मध्ये ५,८५४ किलोचा जीसॅट-११ युरोपच्या एरियन-५ ने नेला होता. एलव्हीएम३ च्या मधल्या टप्प्यात सेमी-क्रायो इंजिन बसलं, तर क्षमता पाच टनांच्या पुढे जाईल असं इस्रोचं गणित आहे. ते इंजिन वेळेवर मिळालं असतं तर जीसॅट-एन२ श्रीहरिकोट्याहून गेला असता.

रॉकेट परत आणलं की आपोआप स्वस्त होतं का?

नाही. आणि सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो.

मांडववाल्याचं उदाहरण घ्या. बांबू, कनाती, खुर्च्या तो प्रत्येक लग्नाला नव्या घेत नाही. त्याच त्या वर्षानुवर्षं वापरतो. पण हे त्याला परवडतं कधी? हंगामात चाळीस-पन्नास लग्नं असतील तेव्हा. वर्षाला पाचच लग्नं मिळाली तर गोदामाचं भाडं, माणसांचे पगार, धुणं-रंगवणं या सगळ्याचा बोजा पाच लग्नांवर पडतो, आणि पुन्हा वापरण्यातली बचत त्यात बुडून जाते.

फाल्कन-९ बनवणाऱ्या स्पेसएक्स कंपनीने २१ डिसेंबर २०१५ ला पहिल्यांदा खालचा टप्पा जमिनीवर सुखरूप उतरवला. २०२५ मध्ये त्यांची दीडशेहून अधिक उड्डाणं झाली. त्याच वर्षी इस्रोची झाली पाच. पाच उड्डाणांसाठी आपण दोन प्रक्षेपण तळ, कारखाने, चाचणी केंद्रं आणि चार जातींची रॉकेटं सांभाळतो : लहान उपग्रहांसाठी एसएसएलव्ही, मग पीएसएलव्ही, जीएसएलव्ही आणि एलव्हीएम३. मांडववाल्याकडे पाच लग्नं आणि चार वेगळ्या मापांचं सामान, एकाचे बरेचसे बांबू दुसऱ्याला न बसणारे. फाल्कन-९ मध्ये खालच्या टप्प्यात एकाच जातीची नऊ इंजिनं असतात आणि वरच्या टप्प्यात त्याच कुळातलं दहावं. कारखान्यात एकच साचा, एकच तपासणी, एकच कसब. स्वस्ताईचं मोठं रहस्य या एकसारखेपणात आहे. टप्पा उतरण्याचं दृश्य डोळ्यांत भरतं म्हणून याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

सरकारने १८ सप्टेंबर २०२४ ला नव्या पिढीच्या रॉकेटला मंजुरी दिली. नाव एनजीएलव्ही, तरतूद ८,२४० कोटी रुपये, मुदत आठ वर्षं, तीन विकास-उड्डाणांसह. क्षमता पृथ्वीजवळच्या कक्षेत ३० टनांपर्यंत, आणि खालचा टप्पा पुन्हा वापरता येणारा. सरकारच्याच शब्दांत, आजच्या एलव्हीएम३ च्या तिप्पट क्षमता आणि दीडपट खर्च. दीड भागिले तीन, म्हणजे किलोचा खर्च निम्मा. दिशा योग्य आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण वरच्या हिशेबात हा निम्मा आकडा ठेवून पाहा. सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलं, तर २०३२ च्या सुमाराला आपण जिथे पोचू, तिथे प्रतिस्पर्धी आजच उभा आहे, किंबहुना थोडा पुढेच. पुनर्वापराने खर्च त्याहून खाली आणायचा असेल, तर पुन्हा तोच प्रश्न: लग्नं किती?

पैसा किती, आणि तो येतो कसा

अंतराळ विभागासाठी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात १३,४१६ कोटी रुपये होते. केंद्राच्या एकूण खर्चात शंभर रुपयांमागे सव्वीस पैसे. माणशी वर्षाला शंभर रुपयांहून कमी. आकडा मोठा की लहान, यावर वाद घालता येईल. मला दुसरी एक गोष्ट जास्त बोचते. २०२०-२१ च्या अर्थसंकल्पातला आकडा होता १३,४७९ कोटी. पाच वर्षांनंतर रक्कम तेवढीच, उलट थोडी कमी. महागाई धरली तर इस्रोच्या हाती येणारा खरा पैसा आटलाय.

या पाच वर्षांत कामं मात्र वाढली. माणसं अंतराळात नेणाऱ्या गगनयानचा एकूण आराखडा आता २०,१९३ कोटींचा आहे. त्यात भारतीय अंतराळ स्थानकाचा पहिला भागही धरलेला आहे. त्यात एनजीएलव्हीचे ८,२४० कोटी, तिसऱ्या प्रक्षेपण तळाचे ३,९८५ कोटी, चंद्राची माती आणणाऱ्या चांद्रयान-४ चे २,१०४ कोटी, शुक्र मोहिमेचे १,२३६ कोटी मिळवा. बेरीज पस्तीस हजार कोटींच्या वर जाते. गगनयानचा काही भाग आधीच खर्ची पडला आहे, तो वजा केला तरी वर्षाच्या साडेतेरा हजार कोटींतून हे सगळं काढायचं, आणि त्यातच पगार, रोजचे उपग्रह, हवामान, दळणवळणही सांभाळायचं.

एखाद्या घरात पगार तेवढाच, पण मुलीचं शिक्षण, घराचा मजला आणि नवी गाडी एकाच वर्षी काढली तर काय होतं? सगळी कामं चालू राहतात आणि सगळीच रेंगाळतात. मोहिमेला तारीख असते, प्रधानमंत्री भाषणात ती तारीख सांगतात, म्हणून ओढाताणीत मोहीम वाचते. इंजिनाला तारीख नसते. त्याचा हप्ता पुढच्या वर्षावर जातो.

म्हणून पैसा वाढवा, हे माझ्या मते अर्धंच उत्तर आहे. इंजिन आणि रॉकेटविकास यांच्यासाठी पाच-सात वर्षांचा निधी एकदाच बांधून द्यायला हवा, मोहिमांच्या खात्यापासून वेगळा, दर फेब्रुवारीत नव्याने मागावा न लागणारा. रॉकेट बांधायला दहा वर्षं लागतात आणि अर्थसंकल्प बारा महिन्यांचा असतो. या दोन घड्याळांचा मेळ कुणीतरी घालायलाच हवा.

‘मग हे सगळं खासगी कंपन्यांना देऊन टाका’

हा सल्ला हल्ली फार ऐकू येतो, आणि त्यात तथ्य आहे. पण अमेरिकेत काय झालं, ते अर्धवट सांगितलं जातं. २००८ मध्ये स्पेसएक्सची पहिली तीन उड्डाणं फसलेली होती. चौथं सप्टेंबरमध्ये जमलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नासाने त्यांना अंतराळ स्थानकाकडे सामान नेण्याच्या १२ फेऱ्यांचं १६० कोटी डॉलरचं कंत्राट दिलं. फाल्कन-९ तोपर्यंत एकदाही उडालं नव्हतं. सरकारने रॉकेटचा आराखडा दिला नाही, सुटे भाग मागवले नाहीत. आम्हाला इतकं सामान इथपर्यंत हवं आहे, दर ठरलेला, पोचेल तसे पैसे मिळतील, एवढंच सांगितलं. खासगी यशामागे सरकारची खात्रीची मागणी उभी होती.

आपल्याकडे खासगी उद्योग इस्रोसोबत दशकानुदशकं आहेत. मुंबईत विक्रोळीला गोदरेजमध्ये विकास इंजिनं बनतात, इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला रॉकेटची अजस्र कवचं तयार होतात. पण ही पद्धत शिंप्याची आहे: माप इस्रोचं, कापड इस्रोचं, बेतणंही इस्रोचं, शिवणाऱ्याने फक्त शिवायचं. शिवण उत्तम होते, पण नवा नमुना जन्माला येत नाही.

हे आता बदलतंय. पाच पीएसएलव्ही पूर्णपणे उद्योगाकडून बांधून घेण्याचं ८६० कोटींचं काम २०२२ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रो यांच्या जोडीला मिळालं. एसएसएलव्हीचं तंत्रज्ञान २०२५ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ५११ कोटींच्या बोलीवर मिळवलं. स्कायरूट या खासगी कंपनीचं छोटं रॉकेट नोव्हेंबर २०२२ मध्ये, अग्निकुल या दुसरीचं मे २०२४ मध्ये प्रायोगिक उड्डाण करून आलं; दोन्ही कक्षेपर्यंत जाणारी नव्हती, पण सुरुवात झाली. रॉकेट कंपन्यांत ४९ टक्क्यांपर्यंत परकी गुंतवणूक आता वेगळ्या सरकारी परवानगीशिवाय येऊ शकते. एक हजार कोटींचा गुंतवणूक निधीही मंजूर आहे.

या कंपन्यांना सगळ्यात जास्त गरज आहे ती फेऱ्यांच्या खात्रीची. आणि मागणी आपल्याकडे आहे. टेहळणीच्या ५२ उपग्रहांचा संरक्षण कार्यक्रम २०२४ मध्ये मंजूर झाला, त्यातले ३१ खासगी कंपन्या बांधणार आहेत. हवामान, शेती, नौकानयन यांचे उपग्रह वेगळेच. या सगळ्या फेऱ्या एकत्र करून, इतक्या वर्षांत इतकं वजन नेण्याचे आम्ही ठरल्या दराने पैसे देऊ असं सरकारने जाहीर केलं, तर मांडववाल्याला लग्नं मिळतील. मग लहान आणि मध्यम उपग्रह उद्योगाकडे सोडून इस्रोच्या सगळ्यात हुशार माणसांना नव्या इंजिनांवर लावता येईल. पीएसएलव्ही जुळवण्यात त्यांचा वेळ जाणं मला खरंच वाईट वाटतं.

‘दुसऱ्यांची रॉकेटं भाड्याने घेतली तर?’

एकेका उपग्रहासाठी चालेल, आणि आपण घेतोही. पण सगळं त्यावर सोडलं तर काय होतं, हे वनवेबलाच विचारावं. युक्रेन युद्ध पेटल्यावर, मार्च २०२२ मध्ये, त्यांचे ३६ उपग्रह रशियाच्या ताब्यातल्या बैकानूरच्या प्रक्षेपण केंद्रात रॉकेटवर चढवलेले होते. रशियाने अटी घातल्या, उड्डाण थांबलं, उपग्रह तिथेच अडकले. त्यामुळेच ती कंपनी आपल्या दारात आली. युरोपचं जुनं एरियन-५ जुलै २०२३ मध्ये निवृत्त झालं, नवं एरियन-६ जुलै २०२४ पर्यंत उडालं नाही, आणि मधल्या काळात युरोपला आपले दिशादर्शनाचे उपग्रह अमेरिकन रॉकेटवरून पाठवावे लागले. श्रीमंत युरोपची ही गत. क्रायोजेनिकचा अनुभव तर आपल्याच गाठीशी आहे.

‘आधी भुकेचं पाहा, मग आकाशाचं’

हा आक्षेप मी कधीच हसण्यावारी नेत नाही, कारण तो उपाशी माणसाच्या बाजूने घेतलेला असतो. १९९९ च्या चक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ मध्ये त्याच किनाऱ्यावर ‘फायलीन’ धडकलं, तेव्हा मृत्यू पन्नासच्या आत राहिले. उपग्रहांची नजर, हवामान खात्याचा अंदाज आणि वेळेवर हलवलेली लाखो माणसं यांचं हे मिळून यश आहे. भूक की आकाश असा हा प्रश्नच नाही. आकाशावरचा रुपया जमिनीवर किती काम करतो, हा आहे. आणि म्हणूनच किलोचा भाव निम्मा होणं ही चैन नाही. त्याच पैशात दुप्पट नजर वर जाते.

पडलेल्या रॉकेटचा अहवाल कुठे आहे?

पीएसएलव्ही-सी६१ नंतर चौकशी समिती बसली. तिचा अहवाल लोकांपुढे न येताच सी६२ उडालं आणि त्याच टप्प्यात फसलं. दोन्ही बिघाडांचं मूळ एकच होतं असं मी म्हणत नाही. पण पैशाच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. उद्या हेच पीएसएलव्ही कंपन्या बांधणार, त्यावर विमा कंपनी हप्ता ठरवणार, परदेशी ग्राहक उपग्रह चढवणार. हे सगळे भरवसा विकत घेतात, आणि भरवसा बंद पाकिटातून मिळत नाही. १९७९ मध्ये एसएलव्ही-३ समुद्रात पडलं, ते सगळ्या देशाने पाहिलं. वर्षभरात, १८ जुलै १९८० ला, त्याच जातीचं रॉकेट रोहिणी उपग्रहाला कक्षेत ठेवून आलं. अपयश सोसण्याची ताकद या संस्थेत पहिल्यापासून आहे. सरकारी काम असताना गुप्ततेने भागत होतं, बाजारात उतरल्यावर भागणार नाही.

तळ एक, रांग मोठी

एक गोष्ट राहिली, आणि ती सहसा कुणी बोलत नाही: जमीन. एलव्हीएम३ सध्या श्रीहरिकोट्याच्या दुसऱ्या तळावरूनच उडू शकतं. गगनयान तिथूनच, जीएसएलव्ही तिथूनच, अंतराळ स्थानकाचे भागही तिथूनच. २७ नोव्हेंबर २०२५ ला बैकानूरहून रशियाचं सोयूझ उडालं आणि खालचा तळच मोडला. माणसं पाठवण्यासाठी रशियाकडे तो एकच वापरातला तळ होता. तिसऱ्या तळाचे चार हजार कोटी कुणाला डोईजड वाटत असतील, तर त्यांनी हा प्रसंग आठवावा. तमिळनाडूत कुलशेखरपट्टिनमला लहान रॉकेटांसाठी नवं केंद्र होतंय, तेही गरजेचंच. तिथून सरळ दक्षिणेला उडता येतं, श्रीलंकेला वळसा घालण्यात इंधन जात नाही.

चांद्रयान-४ मध्ये या सगळ्याची एकाच वेळी परीक्षा होईल. यान एवढं जड आहे की एका एलव्हीएम३ ला पेलणार नाही. दोन रॉकेटं दोन हिस्से नेणार आणि अवकाशात ते जोडले जाणार. जोडण्याचा सराव १६ जानेवारी २०२५ ला स्पेडेक्स मोहिमेत आपण यशस्वी केला. आता प्रश्न आहे दोन उड्डाणांमधल्या अंतराचा, कारण पहिला हिस्सा वर जाऊन दुसऱ्याची वाट पाहत फिरत राहणार. २ नोव्हेंबर २०२५ ला एक एलव्हीएम३ उडालं आणि २४ डिसेंबरला दुसरं. मध्ये ५२ दिवस. एलव्हीएम३ च्या दोन उड्डाणांमधलं आजवरचं हे सगळ्यात कमी अंतर आहे.